परदेशात भाड्याची गाडी: दमलेली सही आणि तिसऱ्या दिवसाची सकाळ

प्रश्न थोडक्यात असा: नवरा-बायको, दहा आणि चौदा वर्षांची मुलं, युरोपात बारा दिवसांची सुट्टी आणि गाडी भाड्याने घेऊन स्वतः चालवायची इच्छा. आजवर गाडी चालवली ती रस्त्याच्या डाव्या बाजूने. उजवीकडून चालवणं जमेल का, काउंटरवर गळ्यात मारतात तो जादा विमा घ्यावा का, आणि आधी कुणी सांगत नाही असं काही आहे का, हे विचारलंय.

मी चार वर्षं एका परदेशी विमानतळावर भाड्याच्या गाड्यांच्या काउंटरमागे उभी होते. त्यानंतर पंधरा वर्षं लोकांच्या सेल्फ-ड्राइव्ह सहली आखते आहे. गाडी चालवणं जमतं. जवळजवळ सगळ्यांनाच जमतं. लोक अडकतात ते दोन वेळा. एकदा दमून-भागून काउंटरवर उभं असताना, आणि दुसऱ्यांदा तिसऱ्या-चौथ्या दिवशी, आता हात बसला असं वाटायला लागल्यावर.

आधी काउंटर. रात्रीचे साडेदहा वाजलेत, विमान दीड तास उशिरा उतरलंय, पुढे सात जणांची रांग, धाकटं बॅगांच्या ट्रॉलीवरच झोपलंय. समोर टॅब्लेट सरकवला जातो. इथे सही, इथे सही, इथे आद्याक्षरं, अजून एक इथे, झालं. त्या सह्यांत एखादी जादा विम्याची असते, एखादी रस्त्यावर बिघाड झाल्यास मिळणाऱ्या मदतीची, एखादी आधीच पैसे भरून घेतलेल्या टाकीची. अशा प्रत्येक गोष्टीवर मला कमिशन मिळायचं, आणि दमलेला माणूस प्रश्न विचारत नाही हे वरिष्ठांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. खोटं कुणी बोलत नसे. फक्त ‘हे ऐच्छिक आहे’ एवढं वाक्य जरा हळू आवाजात म्हटलं जायचं.

म्हणून अटी घरी बसून वाचा. बुकिंगच्या पानावर भाड्याच्या आकड्याखाली बारीक अक्षरात रेंटल कंडिशन्स असं लिहिलेलं असतं, तिथे जाऊन एक्सेस (नुकसानीतला तुमच्या वाट्याचा खर्च) किती, डिपॉझिट किती, किलोमीटरला मर्यादा आहे का, दुसऱ्या चालकाचे दिवसाला किती आणि टाकीची अट काय, एवढं कागदावर उतरवून घ्या आणि तो कागद पासपोर्टात ठेवा. रात्री साडेदहाला डोकं चालत नाही, पण कागद वाचता येतो.

विम्याचं नीट समजून घ्या, कारण सगळा गोंधळ तिथेच आहे. युरोपातल्या भाड्यात साधारणपणे थर्ड पार्टी विमा असतोच, शिवाय सीडीडब्ल्यू आणि चोरीचं संरक्षणही बहुतेक वेळा असतं. सीडीडब्ल्यू म्हणजे कोलिजन डॅमेज वेव्हर. वाटतो विमा, पण तो विमा नव्हे. तुमच्या हातून गाडीचं नुकसान झालं तर एका रकमेपुढची वसुली कंपनी सोडून देते, एवढाच तो करार. त्या रकमेपर्यंतचा खर्च तुमचा, आणि त्या रकमेलाच एक्सेस म्हणतात. साध्या गाडीला तो हजार ते दोन हजार युरोच्या आसपास असतो, मोठ्या गाडीला त्याहून जास्त. म्हणजे दाराला दोनशे युरोचा चरा पडला तर ते दोनशे तुमचेच.

शिवाय या सवलतीतून काही भाग सहसा वगळलेले असतात: टायर, रिम, काचा, आरसे, छत, गाडीचं पोट, आतली गादी. हरवलेली किल्ली आणि टाकीत भरलेलं चुकीचं इंधन कशातच बसत नाही. गंमत अशी, की नवख्या माणसाच्या हातून नेमकी रिम घासते, काचेवर खडा येतो आणि आरसा खांबाला लागतो.

काउंटरवरचा जादा विमा हा एक्सेस शून्यावर आणतो. तो सगळ्यांत महाग आणि सगळ्यांत सोपा. काही झालं तरी किल्ली टेकवून निघून जायचं. दुसरा मार्ग म्हणजे बाहेरच्या कंपनीची एक्सेसची पॉलिसी आधीच घेऊन ठेवायची. ती पुष्कळ स्वस्त पडते आणि चांगल्या पॉलिसीत काच-टायर-पोट सगळं धरलेलं असतं. पण ती परतफेडीवर चालते. आधी भाड्याची कंपनी तुमच्या कार्डातून पैसे कापणार, मग तुम्ही पावत्या, फोटो, करार आणि अपघाताचा कागद पाठवून ते परत मिळवणार. काउंटरवरच्या माणसाला ती पॉलिसी दाखवून उपयोग नसतो. त्याच्या दृष्टीने तुम्ही ‘काहीच घेतलं नाही’ या रकान्यात, आणि डिपॉझिट पूर्ण अडकतं. बऱ्याच पॉलिसी ठरावीक देशांच्या रहिवाशांनाच मिळतात, तेव्हा पैसे भरण्याआधी रहिवासाची अट बघा. बुकिंगच्या साइटवर ‘फुल प्रोटेक्शन’ नावाने मिळतं तेही बहुधा याच जातीचं असतं. ते घेतलं म्हणून काउंटरवर निर्धास्त होऊन नका जाऊ.

माझं मत विचाराल तर कार्डाची मर्यादा भरपूर असेल आणि कागदपत्रांचा कंटाळा नसेल तर बाहेरची पॉलिसी घ्या. मर्यादा बेताची असेल, किंवा प्रत्येक चऱ्याने सुट्टीचा विचका होणार असेल, तर काउंटरचा महाग विमा घ्या आणि शांत झोपा. पहिल्याच वेळी उलट्या बाजूने चालवणाऱ्याने तो घेतला तर मी त्याला भोळा म्हणणार नाही. मात्र दोन्ही घेऊ नका. तेही मी पुष्कळदा पाहिलंय.

अमेरिकेत हिशेब निराळा. तिथे थेट घेतलेल्या स्वस्त भाड्यात गाडीच्या नुकसानीची सवलत अनेकदा नसतेच, आणि थर्ड पार्टीचं संरक्षण त्या राज्याच्या किमान रकमेपुरतं असू शकतं. तिथल्या रहिवाशांना स्वतःच्या गाडीच्या विम्याचा आधार असतो, पाहुण्याला नसतो. तिथे दोन्ही धरलेलं पॅकेजच घ्यावं.

डिपॉझिट मुख्य चालकाच्याच नावावरच्या क्रेडिट कार्डवर धरलं जातं. करार नवऱ्याच्या नावाने आणि कार्ड बायकोचं, असं बहुतेक ठिकाणी चालत नाही. डेबिट कार्ड पुष्कळ काउंटर घेतच नाहीत, आणि घेतलं तर सोबत त्यांचा महाग विमा सक्तीचा करतात. कार्डाचा पिन लागतो. तो आठवत नाही म्हणून गाडी न मिळालेली कुटुंबं मी काउंटरवर पाहिली आहेत. आणि मशीन ‘तुमच्या चलनात की इथल्या?’ असं विचारेल तेव्हा नेहमी इथल्या. ‘तुमच्या चलनात’चा दर दुकानाच्या बाजूचा असतो.

टाकीबद्दल एकच सांगते, ‘भरलेली घ्या, भरलेली द्या’ ही अट शोधा. ‘आम्ही भरून देतो, रिकामी आणा’ यात तुम्ही त्यांच्या भावाने अख्खी टाकी विकत घेता, आणि शेवटच्या दिवशी नेमकी रिकामी करून आणणं कुणालाच साधत नाही.

बुकिंगवर मॉडेलच्या नावापुढे ‘किंवा तत्सम’ असतं. बांधिलकी असते ती वर्गाची, मॉडेलची नाही. तो वर्ग चार इंग्रजी अक्षरांच्या कोडमध्ये लिहिलेला असतो, ईसीएमआर किंवा सीडीएआर असा. पहिलं अक्षर गाडीचा आकार, दुसरं दारं आणि बांधणी, चौथं इंधन आणि एसी. तुमच्या कामाचं तिसरं. तिथे एम असेल तर हाताचे गिअर, ए असेल तर ऑटोमॅटिक. युरोपात हाताच्या गिअरची गाडी स्वस्त असते आणि चुकून तीच बुक होते. उजव्या हाताने गिअर टाकायची सवय नसलेल्या माणसाने पहिल्या सहलीला ऑटोमॅटिकच घ्यावी, फरकाचे पैसे द्यावेत. डोक्यातलं एक काम कमी होतं आणि ते डोकं रस्त्याकडे लावता येतं. आकाराचं म्हणाल तर चौघं आणि चार मोठ्या बॅगा कॉम्पॅक्टच्या डिकीत मावत नाहीत. आणि युरोपातल्या जुन्या गावांतल्या पार्किंगमध्ये मोठी गाडी मावत नाही. एक वर्ग वर जा आणि बॅगा दोन करा.

तुमच्या दहा वर्षांच्या मुलाची उंची मोजून घ्या. युरोपियन युनियनच्या नियमानुसार १५० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला बूस्टर (मुलाला उंच बसवणारी गादी) किंवा मुलांची सीट लागते. काही देश ही मर्यादा १३५ सेंटिमीटरवर आणतात. काउंटरवर बूस्टरचं दिवसाचं भाडं बारा दिवसांनी गुणलं की नव्या बूस्टरच्या किमतीपुढे जातं. घरून नेलेला बरा.

कागदपत्रांत आंतरराष्ट्रीय परमिट म्हणजे आयडीपी. हे स्वतंत्र लायसन्स नव्हे, तुमच्या मूळ लायसन्सचं ठरावीक नमुन्यातलं भाषांतर आहे. मूळ लायसन्स सोबत नसेल तर त्याची किंमत शून्य. ते तुमचं लायसन्स देणाऱ्या देशातल्या अधिकृत यंत्रणेकडूनच मिळतं. ऑनलाइन झटपट मिळणारी ‘इंटरनॅशनल लायसन्स’ नावाची कार्डं कायद्याने निरर्थक आहेत. नमुनेही दोन चालतात. १९४९ च्या जिनिव्हा कराराचा एक वर्ष चालतो, १९६८ च्या व्हिएन्ना कराराचा तीन वर्षांपर्यंत. जपान १९४९ चाच नमुना मानतो, दुसरा दाखवला तर गाडी मिळत नाही. काउंटरवरच्या माणसाने आयडीपी मागितलं नाही म्हणून ते लागत नाही असं समजू नका; अपघातानंतर ते मागणारा माणूस वेगळा असतो.

किल्ली हातात आली की लगेच निघू नका. गाडीभोवती एक फेरी मारत सलग व्हिडिओ काढा, मग चारही रिम जवळून, बंपरच्या खालच्या कडा, छत, काच, दोन्ही आरसे. रिमवर अंधारात काही दिसत नाही, मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. समोरून उजेड मारला तर चरा लपतो, बाजूने मारला की उठून दिसतो. टाकीचा काटा आणि किलोमीटरचा आकडा यांचा एक फोटो. करारावर गाडीचं छोटं चित्र असतं, त्यावर आधीचे पोचे-चरे फुल्यांनी दाखवलेले असतात. तुम्हाला दिसलेलं त्यात नसेल तर परत आत जा आणि लिहून घ्या. ‘एवढं चालतं हो’ म्हणून हात झटकणारा कर्मचारी बारा दिवसांनी ड्युटीवर नसतो. डिकीत त्रिकोण आणि चमकणारं जाकीट आहे का बघा. फ्रान्ससह अनेक देशांत ते गाडीत असणं सक्तीचं आहे. स्टेपनी आहे की नुसता पंक्चरचा फेस आणि पंप, तेही आत्ताच कळलेलं बरं.

आणि हे सगळं झाल्यावर, लांबचा विमानप्रवास करून आला असाल, तर त्या रात्री विमानतळाजवळ झोपा. गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी घेतली तर सगळ्यात उत्तम.

आता उजवीकडून चालवण्याचं. स्वीडनने ३ सप्टेंबर १९६७ च्या पहाटे अख्खा देश डावीकडून उजवीकडे हलवला. त्यानंतर सुरुवातीला अपघात वाढले नाहीत, कमी झाले, कारण सगळेच जीव मुठीत धरून चालवत होते. जसजशी सवय झाली तसे ते पुन्हा पूर्वीच्या पातळीवर आले. तुमच्या बारा दिवसांतही नेमकं हेच घडणार आहे. पहिल्या दिवशी तुम्ही इतके सावध असता की चूक होत नाही. चूक होते तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी, हॉटेलच्या रिकाम्या आवारातून रिकाम्या रस्त्यावर येताना. समोर दुसरी गाडी असली की आपण तिच्या मागे जातो. रस्ता मोकळा असला की हात जुन्या सवयीने वळतात. पेट्रोल पंपातून बाहेर पडताना, फोटोसाठी थांबून परत निघताना, यू-टर्न घेतल्यावर आणि एकेरी रस्ता संपून दुहेरी लागतो त्या क्षणी, असं दर वेळी हेच होतं.

यावर एकच खूण लक्षात ठेवायची. चालकाची सीट कायम रस्त्याच्या मधल्या रेषेकडे. उजवीकडून चालवायच्या देशात स्टिअरिंग डावीकडे असतं, तेव्हा आपला डावा खांदा मधल्या रेषेला. वळण घेतल्यावर मधली रेषा आपल्या खांद्याशी नसेल तर काहीतरी चुकलंय. चौदा वर्षांच्या मुलाला शेजारी बसवा आणि गाडी थांबून सुटली की दर वेळी मोठ्याने ‘उजवीकडे’ म्हणायचं काम त्याला द्या. मुलं हे काम फार चोख करतात, चूक पकडायला मिळणार या आशेने का होईना.

दुसरी अडचण लोकांना ठाऊक नसते. डाव्या सीटवर बसलं तरी शरीराला रस्त्यात जुनी जागा हवी असते, त्यामुळे गाडी नकळत उजवीकडे सरकत जाते. डावीकडून चालवणाऱ्या देशांतल्या ग्राहकांनी परत आणलेल्या गाड्यांमध्ये मला सगळ्यात जास्त दिसायची ती फुटपाथच्या कडेला घासलेली पुढची उजवी रिम. हीच ती सवलतीतून वगळलेली रिम. उपाय साधा आहे: पहिल्या तासात मोकळ्या पार्किंगमध्ये गाडी उजव्या कडेला लावायचा सराव करा, आरशात कड बघत. आणि चालवताना आपण मधल्या रेषेच्या जरा जास्तच जवळ आहोत असं वाटलं, तर बहुधा आपण बरोबर जागी असतो.

वळायचं म्हणून वायपर सुरू होईल. इंडिकेटर कुठल्या बाजूला हे गाडी कुठल्या बाजारासाठी बनली त्यावर ठरतं, आणि हात दोन दिवस चुकतो. हसा आणि पुढे चला.

राउंडअबाउटवर उजवीकडून चालणाऱ्या देशात वाहतूक घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरते. आत शिरताना डावीकडे बघायचं, आत असलेल्या गाडीला आधी जाऊ द्यायचं. पण साध्या, पाटी नसलेल्या चौकात युरोपात बहुतेक ठिकाणी उजवीकडून येणाऱ्याला प्राधान्य असतं, तो कितीही बारक्या गल्लीतून आला तरी. फ्रान्समध्ये याची हमखास दांडी उडते. आपण मोठ्या रस्त्यावर आहोत, तो थांबेल, असं वाटतं, आणि तो थांबत नाही कारण त्याचं बरोबर असतं. रस्त्याकडेला पांढऱ्या किनारीचा पिवळा चौकोन, कोपऱ्यावर उभा केलेला, दिसला की प्राधान्य तुमचं. त्याच चौकोनावर काळी तिरपी रेघ आली की ते संपलं.

जर्मनीच्या ऑटोबानवर वेगमर्यादा नसलेले पट्टे आहेत हे सगळ्यांना माहीत असतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे उजव्या लेनमध्येच राहायचं, ओव्हरटेक फक्त डावीकडून, आणि वाहतूक तुंबली की डावी लेन डावीकडे आणि बाकीच्या उजवीकडे सरकून मध्ये रुग्णवाहिकेसाठी वाट करायची. वाट करायची ती सायरन ऐकू यायच्या आधी, गाड्या थांबायला लागल्या की लगेच. आणि ओव्हरटेकला डावीकडे जाण्याआधी नीट बघा, आरशात दूर दिसणारे दिवे दोन सेकंदांत तुमच्या मागे असतात.

इटलीत जाणार असाल तर झेडटीएल हे तीन शब्दांचं संक्षिप्त रूप पाठ करा. जुन्या शहरांच्या मध्यभागी परवान्याशिवाय गाडी न्यायला बंदी असलेला हा भाग. फ्लोरेन्स, रोम, मिलान, पिसा, सिएना, सगळीकडे आहे. फाटक नसतं, पोलीस नसतो, फक्त लाल वर्तुळाची पाटी आणि वर कॅमेरा. पाटीवर ‘वार्को आत्तिवो’ असा दिवा लागलेला असतो. पाहुण्याला वाटतं, सुरू आहे म्हणजे जायला हरकत नाही. अर्थ नेमका उलटा आहे: कॅमेरा सुरू आहे, जाऊ नका. नकाशाचं ॲप दर वेळी वाचवतंच असं नाही. आणि वाट चुकून गोल-गोल फिरलात तर प्रत्येक प्रवेशाचा दंड स्वतंत्र. परदेशी पत्त्यावर ही नोटीस पाठवायला त्यांना ३६० दिवसांची मुदत असते, तेव्हा सुट्टी विसरल्यावर ती दारात येते. त्याआधी भाड्याची कंपनी तुमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवण्याची वेगळी फी कार्डातून कापून घेते. पुष्कळांना तोच दंड वाटतो, आणि खरा दंड आला की ते फसवणूक समजून फाडून टाकतात. हॉटेल झेडटीएलच्या आत असेल तर गाडीचा नंबर हॉटेलला कळवून नोंदवता येतो. बुकिंग करतानाच विचारा. नाहीतर गाडी बाहेरच्या पार्किंगमध्ये लावून चालत जा. माझं स्वतःचं धोरण तेच आहे. पार्किंगच्या रेषांचेही रंग लक्षात ठेवा, तिथे साधारणपणे पांढरी फुकट, निळी पैशाची, पिवळी तुमची नव्हे.

टोलचे प्रकार देशागणिक वेगळे. स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियात महामार्गावर जायला विन्येट, म्हणजे आधीच घ्यायचा टोलचा पास, लागतं. स्विस विन्येट ४० फ्रँकचं आणि वर्षभराचंच मिळतं, दोन दिवस जायचं असलं तरी. ऑस्ट्रियात थोड्या दिवसांचं मिळतं. त्या देशातच भाड्याने घेतलेल्या गाडीला ते बहुधा असतं, शेजारच्या देशातून आणलेल्या गाडीला नसतं, आणि सीमा ओलांडताना कुणी आठवण करून देत नाही. फ्रान्समध्ये टोलनाक्यावर नुसता नारंगी ‘टी’ असलेली लेन टाळा, इटलीत पिवळ्या ‘तेलेपास’ची. ती यंत्र बसवलेल्या गाड्यांसाठी आहे. चुकून शिरलात तर रिव्हर्स अजिबात घेऊ नका, मदतीचं बटण दाबा.

एक बारीक युक्ती. जिनिव्हा आणि बाझेल-म्युलूझ या विमानतळांना फ्रेंच आणि स्विस अशा दोन बाजू आहेत, आणि दोन्हीकडे भाड्याचे काउंटर. एकाच छपराखाली भाडं, विन्येट आणि हिवाळ्यातले टायर यांचा हिशेब बदलतो. बुकिंग कुठल्या बाजूचं केलंय ते न बघता उतरलेले लोक चुकीच्या रांगेत तासभर उभे राहतात.

इंधनाच्या नावांनी मी भल्याभल्यांना फसलेलं पाहिलंय. इटलीत ‘गासोलियो’, फ्रान्समध्ये ‘गाझोल’, पोर्तुगाल-स्पेनमध्ये ‘गासोलेओ’ हे सगळे गॅसोलिनसारखे ऐकू येणारे शब्द म्हणजे डिझेल. पेट्रोल म्हणजे ‘बेंझिना’, ‘एसांस’, ‘गासोलिना’. युरोपात आता पंपावर आणि टाकीच्या झाकणावर सारख्या खुणा असतात: पेट्रोलला वर्तुळात ई५ किंवा ई१०, डिझेलला चौकोनात बी७. नावं विसरा, आकार जुळवा. नळीच्या रंगावर विसंबू नका. युरोपात हिरवी नळी बहुधा पेट्रोलची, तर अमेरिकेत बऱ्याच पंपांवर हिरवी डिझेलची. चुकीचं भरलंच, तर इंजिन सुरू करू नका, किल्लीही फिरवू नका. न सुरू केलेल्या गाडीची टाकी उपसून काम भागतं. सुरू केली की इंधनाची सगळी यंत्रणा जाते आणि खर्च तुमच्याच माथी येतो.

करारात कुठले रस्ते आणि कुठले देश बंद आहेत तेही वाचा. आइसलँडच्या आतल्या भागातले ‘एफ’ रस्ते फक्त फोर-बाय-फोर गाड्यांसाठी आहेत, आणि नदी ओलांडताना पाणी शिरलं तर ते नुकसान सहसा कुठल्याच विम्यात बसत नाही. तिथला वारा दार हातातून हिसकावून उलटं पाडतो, म्हणून गाडी नाक वाऱ्याकडे करून लावायची आणि दार दोन्ही हातांनी धरून उघडायचं. न्यूझीलंडमध्ये क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स कॅन्यनचा रस्ता भाड्याच्या गाड्यांना बंद असतो. फेरी बोटीवर गाडी चढवायची असेल तर आधी लेखी परवानगी घ्या.

दारूबद्दल सांगायचं तर चेक प्रजासत्ताक आणि हंगेरीत मर्यादा शून्य आहे. बाकी देशांचे आकडे पाठ करण्यापेक्षा चालवणाऱ्याने प्यायचीच नाही, म्हणजे विमाही शाबूत राहतो.

अपघात झाला तर युरोपात कुठूनही ११२. दुसरी गाडी गुंतली असेल तर गाडीच्या कप्प्यात एक दुहेरी प्रतीचा फॉर्म असतो, दोन्ही चालकांनी मिळून भरायचा, चित्रासकट. तुम्हाला न समजणाऱ्या भाषेतल्या मजकुराखाली सही करू नका; त्यापेक्षा पोलिसांची वाट बघा. साध्या पोच्यालाही कंपनीला त्याच दिवशी फोन करा. उशिरा कळवलं हे विमा नाकारायला पुरेसं कारण असतं. आणि करारावर नाव नसलेला माणूस चालवत असेल तर सगळे विमे गेले, काउंटरवरचा महागडाही. दोघं आलटून-पालटून चालवणार असाल तर दुसऱ्या चालकाचे पैसे भरा, तिथे काटकसर नको.

परत देताना लोक विमानाच्या घाईत किल्ली पेटीत टाकून पळतात. किमान अर्धा तास राखून ठेवा, कुणाला तरी गाडी तपासायला लावा आणि ‘नुकसान नाही’ असा कागद किंवा ईमेल घ्या. ऑफिस बंद असेल तर पुन्हा तोच व्हिडिओ, पार्किंगच्या जागेचा क्रमांक दिसेल असा. भाड्याचा दिवस चोवीस तासांचा असतो, सकाळी दहाला घेतलेली गाडी दुपारी दोनला दिली की पूर्ण जादा दिवस लागतो. लहान गावांतली ऑफिसं रविवारी आणि दुपारी जेवणाच्या वेळेला बंद असतात. बुकिंगमध्ये विमानाचा क्रमांक टाकायला विसरू नका, नाहीतर विमानाला उशीर झाला की तुम्ही आलाच नाहीत असं समजून गाडी दुसऱ्याला जाते.

आता तुमच्या बारा दिवसांचं. बारा दिवस गाडी घेऊ नका, आठ दिवस घ्या. पहिले दोन दिवस एखाद्या मोठ्या शहरात चालत आणि मेट्रोने काढा. तिथे गाडी म्हणजे नुसता पार्किंगचा खर्च आणि झेडटीएलची भीती. झोपेचं गणित जुळेल आणि फुटपाथवरून उजवीकडची वाहतूक बघून डोळ्यांना सवय लागेल. तिसऱ्या दिवशी सकाळी, रविवार नसताना, शहराबाहेरच्या काउंटरवरून गाडी घ्या, विमानतळाचा अधिभारही वाचतो. पहिला टप्पा दोन तासांचा ठेवा, पुढेही दिवसाला साडेतीन-चार तासांच्या वर चालवू नका. नकाशाने तीन तास म्हटलं की मुलांसकट साडेचार धरा. ज्या देशात घेतली त्याच देशात द्या, दुसऱ्या देशात सोडायचा अधिभार कधीकधी भाड्याएवढा होतो. शेवटचे दोन दिवस पुन्हा बिनगाडीचे. परत आल्यावर वर्षभर कार्डाच्या स्टेटमेंटवर लक्ष ठेवा आणि तेवढेच दिवस ते व्हिडिओ फोनमधून पुसू नका.